वारुळाच्या दारची अळंबी

तर एक होती हौसा. राणीबिणी नव्हती, बरं का. डोंगराच्या पायथ्याला खोपटात राहायची. तिची एकुलती एक लेक ठमी तापातून उठली, पण पायांत त्राणच नाही. जेवण बघितलं की तोंड फिरवायची. हौसाच्या जिवाला घोर लागला. पोर अशी वाळत गेली तर?

मग एके दिवशी काय झालं, रानातल्या वारुळातून वाळवीची राणी बाहेर आली. डोक्यावर पांढरी छत्री. म्हणाली, "माझ्या दारची अळंबी ने. अंगात ताकद येईल. पण ताजी ने, चांगली शिजव, आधी थोडीच दे, पोटाला मानवते का बघ. आणि दुसऱ्या दारची आणू नकोस."

पहिल्या दिवशी ठमीनं दोन घास खाल्ले. दुसऱ्या दिवशी वाटीभर कालवण मागून घेतलं आणि भिंत धरून उभी राहिली. हौसाला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! तिसऱ्या दिवशी गेली, तर वारुळाशी काहीच नाही.

आता धीर धरायचा की नाही? पण आईचं मन ते. कुजक्या खोडाशी तश्शाच पांढऱ्या छत्र्या दिसल्या, तिनं ओटीत भरल्या. सासू करायची तसं पायातलं चांदीचं जोडवं उकळत्या कालवणात टाकलं. काळं पडलं तर विष, असं सासू म्हणायची. जोडवं लख्ख राहिलं. हौसा निर्धास्त झाली.

ठमी ताटली घेऊन बसली. हौसानं लाकडी पळी भरली, उचलली, आणि पळीचा झाला भुगा! आतून वाळवीनं पोखरलेली. पळीतलं कालवण सगळं चुलीच्या राखेत. राखेतून राणी बोलली, "चांदीला विष कळत नाही, बाई. ओळख पटली नाही तर खायचं नाही."

 हौसानं ते मडकंसुद्धा लांब नेऊन पुरलं आणि लेकीला पोटाशी धरून रडली. त्या दिवशी दोघींनी भाकरी आणि वरण खाल्लं. ठमीला तेही गोड लागलं.

मग रोज तेच. भाकरी, वरण आणि वाट बघणं. एका सकाळी अंथरुणात ठमी नाही! हौसा धावत रानात गेली. बघते तर पोर वारुळाशी उभी, आपल्या पायांवर. म्हणाली, "आई, अळंबी अजून उगवली नाही गं. आपण थांबू."

मायलेकी थांबल्या आणि सुखानं राहिल्या. तुमचीही पोटं भरलीत ना? मग मिटा डोळे.