सगुणेची विहीर

फार मागची गोष्ट. तेव्हा राजा कोण होता हे आता कुणालाच आठवत नाही, पण नदीपलीकडच्या टेकडीवरचं विद्यापीठ मात्र सगळ्यांना आठवतं. दरवर्षी तिथं थोडीच मुलं घेत. आचार्य आधी पाठांतर तपासत आणि मग विचारत, "अभ्यासाखेरीज काय करतोस, बाळ?" या एका प्रश्नानं पंचक्रोशीतल्या आईबापांची झोप उडवली होती.

एका गावात एक कासार राहायचा. तो गावोगाव बांगड्या भरत हिंडायचा, त्यामुळं टेकडीवरची बातमी सगळ्यांत आधी त्याच्या कानी पडायची. त्याची मुलगी सगुणा हुशार होती. तिला औषधांची विद्या शिकायची होती, आणि ती विद्या त्या टेकडीशिवाय कुठंच शिकवत नसत.

एका वर्षी कासारानं बातमी आणली, "या खेपेला निवडलेला मुलगा बासरी वाजवतो."

झालं! गावात जो तो बासरी फुंकू लागला. म्हशी पान्हा चोरायला लागल्या, इतका तो गोंगाट. सगुणेच्या हातीही बासरी आली. पुढच्या वर्षी कळलं, निवडलेल्या मुलीनं झाडं लावली होती. मग बासऱ्या वळचणीला गेल्या आणि गावभर रोपं लागली, अगदी बैलगाडीच्या वाटेवरसुद्धा. त्याच्या पुढच्या वर्षी मल्लखांब निघाला. सगुणा त्यावरही चढली आणि सपशेल आपटली.

या सगळ्यातून वेळ काढून ती एका ठिकाणी मात्र न चुकता जायची, ते म्हणजे गावची पायविहीर. लहान मुलं तरंगावीत म्हणून त्यांच्या पाठीला सुका भोपळा बांधून ती त्यांना पोहायला शिकवायची. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. पाण्याला भिणारं पोर हातपाय मारत पहिल्यांदा काठाला लागलं, की सगुणेला जेवणाचीही आठवण राहत नसे.

सगुणेच्या निवडीचं वर्ष आलं तसा कासार म्हणाला, "सगुणे, आता विहीर बंद. तो वेळ बासरीला दे, मल्लखांबाला दे. भोपळे बांधण्याला कुणी विद्या म्हणत नाही."

बापाचा शब्द सगुणेनं कधी मोडला नव्हता. टेकडीही हातची जाऊ द्यायची नव्हती. पण विहिरीवर वाट बघणारी पोरं तिच्या डोळ्यांपुढून हलेनात.

"बाबा, बासरी सोडते, मल्लखांबही सोडते," ती म्हणाली. "त्यात मला काही गती नाही, तुम्ही ऐकलंय आणि बघितलंयही. पण विहीर सोडायला सांगू नका. तेवढ्यापायी टेकडीवर घेतलं नाही, तर मी तुम्हाला बोल लावणार नाही."

कासार रागावला. पण पोरीवर त्याचा जीव होता. नेमल्या दिवशी तोच तिला नावेत बसवून टेकडीवर घेऊन गेला.

आचार्य म्हातारे होते आणि मिश्कील होते. सगुणेच्या आधी एक मुलगा आत गेला. बासरी, रोपं, मल्लखांब, त्यानं सगळं घडाघडा सांगितलं.

"छान. आणि इथं घेतलं नाही, तर उद्या यातलं काय करशील?" आचार्यांनी विचारलं.

पोरगं बिचारं खरं बोललं. "काहीच नाही, गुरुजी. हे सगळं इथल्यासाठीच होतं."

दाराशी उभ्या कासाराला ते स्पष्ट ऐकू आलं. त्याची मान खाली गेली.

मग सगुणा आत गेली, तिनं विहिरीचं सांगितलं आणि तिलाही तोच प्रश्न आला.

"उद्या? रडू येईल, गुरुजी. पण विहिरीवर जाईन. कोष्ट्याच्या चंद्रीचा भोपळा सोडायचाय. आता तिला तसंच पोहता येईल."

"आणि एखादं पोर फारच भ्यालं तर?"

सगुणा म्हणाली, "एकदा मी एका मुलीला पाण्यात ढकललं होतं. वाटलं, भीती मोडेल. ती कितीतरी दिवस विहिरीकडे फिरकलीच नाही. माझंच चुकलं. मग मी तिला घेऊन नुसती पायरीवर बसायला लागले, पाण्यात पाय सोडून. एक दिवस तीच म्हणाली, बांध भोपळा. तेव्हापासून मी कुणाला ढकलत नाही."

आचार्य खुदकन हसले. "कडू औषध पाजणाऱ्याला हे आधी यावं लागतं. तू इथं राहा, मुली. पण आधी जाऊन चंद्रीचा भोपळा सोडून ये."

सगुणा टेकडीवर रमली. इकडे बातमी फुटायची ती फुटलीच. गावोगाव भाजीला भोपळा मिळेना, कारण जो तो सुकायला टांगलेला! पाण्याचं नाव काढताच रडणारी पोरंही विहिरीवर उभी राहिली.

एक बाई पाठीला भोपळा बांधलेल्या, हुंदके देणाऱ्या आपल्या मुलाला ओढत कासाराकडे आली. "कासारमामा, तुमच्या सगुणेसारखं यालाही शिकवा ना."

कासार उकिडवा बसला आणि त्यानं मुलाचे डोळे पुसले. "बाळा, तुला स्वतःला काय करावंसं वाटतं?"

"पाखरांचे आवाज काढावेसे वाटतात," पोर पुटपुटलं.

"मग काढ की!"

पोरानं ओठांचा चंबू केला आणि अशी शीळ घातली, की समोरच्या कुंपणावरची साळुंकी मान वळवून उत्तर देऊ लागली. आईला हसू आवरेना. कासार म्हणाला, "ताई, याच्या पाठीचा भोपळा सोडा."

तात्पर्य: निवड होवो न होवो, जे उद्याही करावंसं वाटेल तेच मनापासून धरावं.