महाराजांची मान आणि उलटा वस्तरा

सगुणाला वाटलं होतं, नऊ वर्षांनी आपण उज्जैनहून परतू तेव्हा आबा वेशीपर्यंत सामोरे येतील, कडेवर घेण्याएवढी लहान नाही म्हणून नुसतेच डोळे पुसतील. प्रत्यक्षात दिसले ते दारात दोन भालेकरी, आणि ओट्यावर बसून स्वतःच्याच उजव्या अंगठ्याकडे टक लावून पाहणारे आबा!

"आबा, हे काय?"

"उद्या महाराजांची दाढी करायचीय, पोरी. मान गुळगुळीत हवी आणि आग कणभरही नको. झाली, तर हा अंगठा गेला. मागच्या दोन न्हाव्यांचे गेलेच."

सगुणा उज्जैनला मामाकडे जखमा शिवायला शिकली होती. तिनं आबांची हत्यारांची धोकटी उघडली. वस्तरा पाहिला, हवेत उडवलेला केस कापेल असा. धार लावायचा पट्टा पाहिला, तेल पिऊन मऊ झालेला.

"हत्यारात खोट नाही. मग मान जळते कशानं?"

आबांनी भालेकऱ्यांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "वस्तरा गळ्यापासून हनुवटीकडे न्यावा लागतो. खालून वर."

"केसांच्या उलट? कातडी सोलून निघेल!"

"निघतेच की! पण वाड्याचा रिवाज आहे. राजाच्या अंगावर वस्तरा खाली उतरला, तर राज्य उतरणीला लागतं म्हणे."

"आणि राजवैद्य काय करतात?"

"चंदन उगाळतात."

"त्यांना कळत नाही?"

"सगळ्यांना कळतं गं. बोलायचं कोणी?"

सगुणानं मघाशी सोडायला घेतलेलं गाठोडं पुन्हा करकचून बांधलं. "उद्याचं निभावू, आणि परवा पहाटे दोघं उज्जैनला. असल्या गावात एक दिवस राहायचं नाही!"

दुसऱ्या दिवशी ती आबांच्या पाठोपाठ वाड्यात शिरली. रणधवल महाराज चौरंगावर बसले होते. मान मिरचीसारखी लाल. शेजारी कारभारी नरहरपंत उभे. त्यांच्या पगडीचा घेर त्यांच्या अकलेला पुरून उरेल एवढा.

"ही कोण?" पंत गरजले.

"मी या रखमाजींची मुलगी, सगुणा. महाराज, वस्तरा केसांच्या कलानं, वरून खाली फिरू द्या. मान आपोआप थंड होईल."

"शिव शिव! दोनशे वर्षांचा रिवाज!"

"म्हणजे दोनशे वर्षं राजांच्या माना जळताहेत. आणि कारभारी, आपली मान बरी गुळगुळीत दिसते! आपल्या घरी वस्तरा कुठून कुठं जातो?"

पंतांनी उपरणं गळ्याभोवती ओढून घेतलं. महाराज मात्र हट्टाला पेटले. "रिवाज मोडायचा नाही! वस्तरा वरच चढला पाहिजे आणि मानही जळता कामा नये. मला दोन्ही हवं!"

आबांनी अंगठा मुठीत लपवला. सगुणा म्हणाली, "दोन्ही मिळेल. एक पलंग आणि चार विटा मागवा."

पलंग आला. त्याच्या एका बाजूच्या दोन्ही पायांखाली दोन दोन विटा गेल्या. महाराजांना उताणं निजवलं. पाय उंच बाजूला, डोकं उतरत्या बाजूला, कडेवरून खाली लोंबतं. सगुणानं गळ्यावरून बोटं फिरवून केस कुठं झुकतात ते चाचपलं. कढत पाण्यात पिळलेलं फडकं मानेवर ठेवलं, केस मऊ पडू दिले, मग रिठ्याचा दाट फेस लावला.

"आबा, कातडी ताणून धरा. हात हलका. हनुवटीकडून छातीकडे."

वस्तरा सर्रकन फिरला. पंत किंचाळले, "उतरला! वस्तरा उतरला!"

सगुणानं आबांचा हात थांबवला आणि महाराजांच्या गळ्यावर पळीभर पाणी ओतलं. पाणी ओघळत हनुवटीकडे गेलं आणि तिथून टपटप फरशीवर पडलं.

"कारभारी, पाणी वर चढतं की खाली उतरतं?"

"खालीच उतरतं! हे काय विचारणं?"

"मग हनुवटी खाली, छाती वर. वस्तरा चालला छातीकडे. चढला की उतरला?"

पंतांनी वाकून खाली पाहिलं, मान उंचावून वर पाहिलं, पुन्हा वाकले. खालून महाराज म्हणाले, "अरे, मला इथून कारभारी उलटे दिसताहेत!"

"या बाबतीत ते सुलटे कधी होते, महाराज?"

दाढी झाली. मानेवर गार पाणी, मग तुरटीचा खडा फिरला. सगळे दुपारचा चौघडा वाजेपर्यंत थांबले. चौघडा झडला. महाराजांनी मानेवर हात फिरवला, आरशात पाहिलं, पुन्हा हात फिरवला. ना आग, ना पुळी!

"झकास! पण पोरी, आता मी रोज असं लोंबकळायचं?"

"रोज सकाळी कुणीतरी डोकं खाली घालायलाच हवं, महाराज. एक तर आपण, नाही तर रिवाजानं!"

महाराज असे हसले की पलंग हलला. "रिवाजानं! आजपासून रिवाजानंच! बोल, काय देऊ?"

"आबांचा अंगठा आबांकडेच राहू द्या. आणि ज्या दोघांचे गेले, त्यांच्या चुली जन्मभर वाड्यानं पेटत्या ठेवाव्यात."

"दिलं! वर माझ्याकडून ही शाल, आणि या पलंगासकट राजवैद्यांची खोली तुझी!"

"विचार करून सांगते," सगुणा म्हणाली, कारण गाठोडं अजून बांधलेलंच होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती ते काखेत मारून दाराबाहेर आली आणि जागीच थबकली. अंगणात ओळीनं सात पलंग, सात पलंगांखाली विटा, आणि सात मानकरी डोकी लोंबकळत सोडून उताणे! पहिल्याच पलंगावर नरहरपंत, पगडीसकट.

"पंत, रिवाज तर कालच मोडला!"

"तो जुना," पंत खालून म्हणाले. "महाराजांनी काल अशी दाढी केली, म्हणजे हा नवा! आटप लवकर, डोक्यात रक्त उतरतंय."

सगुणानं एकदा उज्जैनच्या वाटेकडे पाहिलं, एकदा त्या सात डोक्यांकडे. मग गाठोडं ओट्यावर टाकून गाठ सोडली.

"आबा, पाणी तापत ठेवा. इतके आजारी टाकून वैद्यानं जायचं तरी कुठं?"