पाण्याकडची भिंत

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव सांगणारं आज कुणी उरलेलं नाही. समुद्राच्या काठी एक गाव होतं. तिथली माणसं मासे धरायची आणि देवाला भिऊन राहायची. सगळी घरं एका ओळीत होती आणि प्रत्येक घराची एक भिंत पाण्याकडे तोंड करून उभी होती.

गावाची एक रीत होती. पावसाळा सरला की घरच्या बाईनं पाण्याकडची भिंत चुन्यानं पांढरी करायची आणि तिच्यावर आपल्या घराची खूण रंगवायची. कुणाकडे लाल पट्टे, कुणाकडे काळा मासा. सासूनं जे काढलं तेच सुनेनं काढायचं.

या गावात डोंगरापलीकडची एक मुलगी सून म्हणून आली. समुद्र तिनं पहिल्यांदा पाहिला तो लग्नातच. तिच्या घराची खूण होती एक मोठा पिवळा सूर्य. तो का काढायचा, हे सुनेला सांगण्याआधीच सासू वारली. नवऱ्यानंही कधी सांगितलं नाही. जे रोज डोळ्यांसमोर असतं ते समजावून सांगावं, असं कुणाच्या मनात येतं?

सून स्वभावानं घाबरट. दूध उतू गेलं तरी दिवसभर तिच्या मनाला रुखरुख लागायची. त्या वर्षी पाऊस सरला, नवरा बऱ्याच दिवसांसाठी नाव घेऊन समुद्रात गेला, आणि मागोमाग निरोप आला की मोठी बहीण घर बघायला येते आहे. बहीण शहरातल्या बड्या व्यापाऱ्याकडे दिलेली. सुनेच्या जिवाला घोर लागला.

ती अंगणात उभी राहून भिंतीकडे बघू लागली. सूर्य एका बाजूला चेपलेला होता, घाईत थापलेल्या भाकरीसारखा. ‘ताई काय म्हणेल? ताईबरोबर आलेली माणसं काय म्हणतील?’ तिला जेवण जाईना.

मग ती काही सुचतं का ते शोधत हिंडू लागली. देवळाचे खांब पाहिले, कुंभाराची मडकी पाहिली. बाजाराच्या गावी एका श्रीमंताच्या घरासमोर मात्र तिचे पाय थबकले. निळीशार भिंत, तिच्यावर हिरव्या वेली, वेलींत मोर. बघता बघता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. घर असावं तर असं, असं तिला वाटलं.

घरी येऊन तिनं चुन्यात नीळ कालवली. सूर्यावरून कुंचला फिरवताना तिला सासूची आठवण झाली आणि थोडं वाईट वाटलं, पण हात थांबला नाही. हात कसबी होता, हे कबूल करायला हवं. भिंत खरोखर देखणी झाली.

शेजारची म्हातारी काठी टेकत आली. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “पोरी, पाण्यावरून बघितलंस का गो हे?”

“पाण्यावरून कोण येतंय बघायला, आजी? ताई तर रस्त्यानं यायची आहे.”

“पाण्यावरून बघ एकदा,” म्हातारी पुन्हा म्हणाली. सुनेला वाटलं, म्हातारीला आपली भिंत बघवत नाही. तिनं विषय बदलला.

बहीण आली. गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाली, “अगं, अशी भिंत आमच्याकडेही नाही.” इतके दिवस छातीवर बसलेला दगड उतरला आणि सून मोकळेपणी हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा फिरला. आभाळ भरून आलं. बायका किनाऱ्यावर धावल्या. एकेक नाव परतू लागली, एकेक बाई देवाचं नाव घेत घरी जाऊ लागली. सुनेच्या नवऱ्याची नाव तेवढी आली नाही.

“ती बघ,” म्हातारी म्हणाली. खडकांच्या पलीकडे एक शीड दिसत होतं. ते जरा इकडे सरकायचं, जरा तिकडे.

“अशी का घुटमळतेय? आत का येत नाही?” सुनेनं विचारलं.

“वाट सापडत नाही तिला. खडकांतून वाट एकच, गो, आणि ती तुझ्या सूर्याच्या अगदी समोर. सूर्य नाकासमोर धरायचा आणि नाव आत घ्यायची. तुझ्या सासऱ्यानं तसंच केलं, त्याच्या बापानंही. खडक दिसत होते तोवर बाकीचे त्याच वाटेनं कसे तरी आत आले, तुझा नवरा मागं राहिला नि सूर्य शोधत बसलाय.”

सुनेनं वळून भिंतीकडे पाहिलं. भरल्या आभाळात ती निळी भिंत होती की नव्हती, तेच कळत नव्हतं.

ती धावत सुटली. चुन्याचं घमेलं उचलून तिनं मोरावर ओतलं. पिवळी माती हातांनीच थापू लागली. बहीणही रेशमी पदर खोचून मदतीला आली. दोघी रडत होत्या आणि थापत होत्या. सूर्य अर्धा झाला असेल, तेवढ्यात खडकाकडून लाकूड फुटल्याचा आवाज आला.

गावानं दोर टाकले. नवऱ्याला आणि त्याच्या सोबत्यांना ओढून बाहेर काढलं. माणसं वाचली. नाव मात्र गेली.

सून नवऱ्यापुढे वाळूत बसली. “सूर्य मी पुसला,” ती म्हणाली. “तुम्हाला वाट सापडू नये असं मीच केलं.”

नवरा थंडीनं कुडकुडत होता. तो म्हणाला, “वाटेचं काय, आभाळ निवळेपर्यंत बाहेर थांबलो असतो. पण सूर्य दिसेना, तेव्हा वाटलं घरच पडलं. तू आत असशील. मग खडक बघायचं भान राहिलं नाही, नाव तशीच घातली.”

सुनेनं त्याचे गारठलेले हात आपल्या हातांत घेतले. त्या वर्षी तो दुसऱ्यांच्या नावांवर राबला, आणि ती रोज संध्याकाळी पुन्हा रंगवलेल्या सूर्यापाशी उभी राहून त्याची वाट बघायची.

तात्पर्य: घर सजवताना ते बघायला कोण येणार याचा विचार मागून करावा, त्या घराकडे परत कोण येणार, याचा आधी करावा.