जाखाईचं पहिलं ताट

सकाळी बरोबर साडेनऊ वाजता भिवराने देवीपुढचं ताट ओढलं, आणि तिथून सगळं सुरू झालं, असं तिसवडे गावात सांगतात. जाखाईच्या देवळात आलेले पाहुणे हमखास विचारतात, इथे देवीपुढे नैवेद्य कसा दिसत नाही? तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या बायका त्यांना पायरीवर बसवून घेतात आणि ही हकिगत ऐकवतात.

भिवराचा नवरा म्हणे माडावरून पडला होता. दोन महिने अंथरुणाला खिळलेला. घरात तांदळाचा दाणा नाही, मांडीवर तीन महिन्यांची पोर आणि अंगावरचं दूध आटलेलं. पोर आता रडायचीही थांबली होती, आणि भिवराला धास्ती होती ती त्याचीच. जत्रेच्या दिवशी ती देवळात शिरली, देवीसमोर बसली आणि नैवेद्याचा भात खाऊ लागली.

गुरव ओरडला, "अगो, देवीच्या आधी जेवतेस? काही लाज?"

"लाज पोटभर खाऊन बघितली, गुरवदादा. दूध काही आलं नाही."

गाव जमलं. कौल लावायचं ठरलं. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गुरवाने विचारलं, "आई, हिला गावाबाहेर घालवू का?"

एकही पाकळी हलली नाही. कौल मिळेपर्यंत कुणी जेवायचं नाही, ही गावची रीत. दुपार कलली. भात गार झाला, पोरांनी भोकाड पसरलं, मानकऱ्यांचे चेहरे उतरले. भिवराला मात्र पोटात भात गेल्यावर दूध उतरलं होतं; ती खांबाला टेकून पोरीला पाजत होती.

"घालवायचं तर घालवा," ती म्हणाली. "पण एका वेळेला एवढे कासावीस झालात! माझ्या घरी दोन महिने हेच चाललंय. कोण आलं विचारायला?"

मग गुरवाची बायको सुंद्रा उठली. "अहो, देवी बोलत नाही, कारण तुमचा प्रश्नच वाकडा आहे. असं विचारा, ताट आधी उपाशी घरी न्यावं का?"

"बायकांनी कौलात बोलायचं नसतं."

"मग तुम्ही बोला. नाहीतर बसा उपाशी!"

गुरवाने विचारलं. शब्द पुरा व्हायच्या आत उजवी पाकळी खाली आली म्हणे.

त्या दिवशी एकच ताट गेलं, भिवराच्या घरी. पुढच्या वर्षी घरोघरचे मूठमूठ तांदूळ निघाले. कुणाचं घर जळालं तेव्हा वासे गेले, कुणी बाळंतीण एकटी पडली तेव्हा बायका पाळीपाळीने राहायला गेल्या. शेजारच्या वाडीने ही रीत उचलली, मग पलीकडच्या गावाने. मानकऱ्यांनी दोनदा हे बंद पाडायला बघितलं. दोन्ही वेळा बायकांनी देवळाच्या दारातच चूल मांडली.

आजही अकरा गावांत जाखाईचं ताट आधी अडलेल्या घरी जातं. जात विचारत नाहीत, कुठला देव मानता तेही विचारत नाहीत. हकिगत संपली की त्या म्हाताऱ्या पाहुण्यांना सांगतात, तुमच्या माहितीत असं घर असेल तर आम्हाला कळवा. आणि इथून गेल्यावर चार जणांच्या कानावर घाला, कारण ज्या घराला गरज असते ते बहुधा गप्प असतं.