शिंप्याच्या बुटातला चिंचोका

ओढ्याच्या अलीकडे एक गाव, पलीकडे एक गाव, आणि मधल्या माळावर दोघांचं मिळून एक क्रिकेटचं मैदान, असं फार पूर्वीपासून चालत आलं होतं. वर्षातून एकदा सामना व्हायचा. जिंकेल त्या गावाचे ढोल जत्रेत पुढे, हरेल त्याचे मागे. अलीकडच्या गावाचे ढोल सलग सात वर्षं मागे राहिले होते, आणि ते गावाच्या मनाला फार लागलं होतं.

पंच मात्र दरवर्षी अलीकडच्याच गावचा, एक म्हातारा शिंपी. सगळे त्याला तात्या म्हणायचे. पलीकडच्यांनीच त्याला मागून घेतलं होतं, कारण सदऱ्याच्या कापडातून उरलेली चिंधीसुद्धा तो घडी घालून गिऱ्हाइकाला परत करायचा. सामन्याच्या दिवशी तात्या दोन्ही गावांचा चहा नाकारायचा आणि घरून आणलेल्या तांब्यातलं पाणी प्यायचा. एखादी गोष्ट दिसली नाही तर सरळ 'मला दिसलं नाही' म्हणायचा.

चेंडू मोजायला त्याच्याकडे सहा चिंचोके असत. चेंडू पडला की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात जायचा. डावा खिसा रिकामा झाला की षटक संपलं. मग सगळे चिंचोके पुन्हा डाव्या खिशात. इतक्या वर्षांत ही मोजणी कधी चुकली नव्हती, आणि खोटं कशाला बोला, तात्याला त्याचा थोडा तोराही होता.

आठव्या वर्षी सामना शेवटच्या षटकापर्यंत आला. आदल्या षटकापासून तात्याच्या बुटात खडा टोचत होता, पण अशा वेळी खाली वाकून बघेल तो तात्या कसला. डावा खिसा रिकामा झाला तसं त्यानं षटक संपल्याचं सांगितलं. पलीकडच्यांना तीन धावा कमी पडल्या.

पलीकडचा फलंदाज चाचरत म्हणाला, की चेंडू पाचच झाल्यासारखे वाटतात. गुण लिहिणारे मास्तर शेवटच्या षटकात खडू हातात धरून नुसते बघतच राहिले होते, त्यांना काही सांगता येईना. शेवटी फलंदाजच म्हणाला, "तात्यांनी सांगितलं ना, मग सहाच." आणि बॅट काखेत मारून निघाला.

अलीकडच्यांचे ढोल वाजू लागले. तात्या बाभळीखाली टेकला आणि त्यानं बूट काढला. आतून खडा नाही, चिंचोका पडला. त्यानं उजव्या खिशात हात घातला, तर बोट भोकातून आरपार गेलं. गावभरचे खिसे शिवणाऱ्याचा खिसा फाटका! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

म्हणजे शेवटचं षटक पाचच चिंचोक्यांचं झालं होतं. समोर नाचणाऱ्या पोरांचे सदरे त्यानंच शिवले होते. चिंचोका गवतात टाकला असता तर कुणाला कळणार होतं? त्यानं तो मुठीत धरला. पण त्याच्या शब्दावर भांडण न करता निघून गेलेला तो फलंदाज काही डोळ्यांपुढून हलेना.

एक पाय अनवाणी, बूट हातात, असा तात्या यष्ट्यांपाशी गेला आणि म्हणाला, "माझी मोजणी चुकली. एक चेंडू बाकी आहे."

ढोल थांबले. अलीकडच्यांचा कप्तान गावचा लोहार होता. तो जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "तात्या, तुम्हाला याच गावात राहायचंय."

"म्हणून तर सांगतोय," तात्या म्हणाला.

फलंदाजाला परत बोलावलं, चेंडू पडला. फलंदाजानं तो असा टोलवला, की थेट सीमेवरच्या निवडुंगात. चौकाराची खूण करणं तात्याच्याच नशिबी आलं. खूण त्यानं केली, आणि अलीकडच्यांचे ढोल आठव्या वर्षीही मागेच राहिले.

मग वर्षभर गावानं तात्याकडे पाठ फिरवली. दिवाळीतसुद्धा त्याचं मशीन बंद होतं. बायकोनं फाटका खिसा दुहेरी टाक्यानं शिवला आणि एवढंच म्हणाली, की चार घास खाऊन घ्या.

पुढच्या सामन्याला अलीकडच्यांनी हट्टानं दुसरा पंच उभा केला. मग पलीकडच्यांनीही आपला आणला. चौथ्या षटकात खेळाडू राहिले बाजूला आणि दोन पंचांचीच जुंपली. खेळ थांबला. लोहार तसाच घामाघूम तात्याच्या दुकानात आला आणि खाली मान घालून म्हणाला, "तात्या, चला."

"अरे, मी पुन्हा चुकेन. माणूस आहे मी."

"चुकाल. पण चुकलात तर सांगाल. आम्हाला तेवढं पुरे आहे." लोहार जरा घुटमळला. "फक्त निघण्याआधी खिसा बघून घ्या."

तात्या हसला. किती महिन्यांनी हसला, ते त्याच्या बायकोलाच ठाऊक.

त्या दुपारी तात्यानं पहिलं बोट वर केलं ते लोहारालाच पायचीत देताना. लोहारानं एकदा बोटाकडे पाहिलं आणि बॅट काखेत मारून तंबूकडे चालू लागला. दोन्ही गावांतून कुणी हूं की चूं केलं नाही.

तात्पर्य काय, तर जो आपली चूक आपल्या तोंडानं सांगतो, त्याचाच निवाडा लोक मुकाट्यानं मानतात. आणि हो, दुसऱ्यांचे खिसे शिवणाऱ्यानं अधूनमधून स्वतःचाही चाचपून पाहावा.