रामटेके गुरुजींची डिस्क

"आणि आवळताना यातलं जे गळतं, ते कुठं जातं?" भन्ते धम्मरक्षितांनी विचारलं.

"कुठंच नाही, भन्ते. ते कायमचं गेलं," प्रबोध रामटेके म्हणाला. "म्हणून तर कोडेक जपून निवडावं लागतं."

कोडेक म्हणजे व्हिडिओ आवळून बांधायची आणि पुन्हा सोडायची रीत, एवढं त्यानं आल्या आल्याच समजावून सांगितलं होतं. नागपुरात त्याचा स्टुडिओ होता. लोक आपल्या लग्नामुंजींच्या, बारशांच्या फिती डोळे मिटून त्याच्या हवाली करत. माझ्या हातून आजवर एक फ्रेम खराब झाली नाही, असं तो छातीवर हात ठेवून सांगे.

आज मात्र विहाराची टेकडी चढून आलेला तो माणूस मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसला होता.

त्यानं पिशवीतून डिस्क काढून चटईवर मांडल्या.

"हिच्यात मूळ फाईल आहे, जशीच्या तशी. ही एमपेग-टू, जुन्या डीव्हीडी प्लेअरवर चालेल. आणि ही ब्लू-रे, नव्या प्लेअरसाठी. उद्या कुठलं यंत्र उरेल, कोणी सांगावं? असाच एक संच माझ्याकडं आहे, एक बहिणीकडं. हा तुम्ही विहारात ठेवा."

"इतक्या कशाला?"

"घराला आग लागते, भन्ते. पूर येतो. डिस्कला बुरशी धरते..." त्याचा आवाज खाली गेला. "काम करता करता दचकतो मी. वाटतं, पुसलं गेलं. सगळं टाकून बघायला धावतो."

व्हिडिओ त्याच्या वडिलांचा होता. रामटेके गुरुजी शाळामास्तर होते. त्यांच्या हृदयाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बापलेकांचं फोनवर वाजलं. 'तुम्ही माझ्यासाठी केलंच काय?' असं म्हणून प्रबोधनं फोन आपटला. सकाळी गुरुजींनी मुलीला मोबाइल समोर धरायला लावला आणि त्याच्यासाठी काहीबाही बोलून ठेवलं. मग त्यांना आत नेलं.

ते परत आले नाहीत.

"काय म्हणतात गुरुजी?" भन्तेंनी विचारलं.

"चित्र अगदी स्वच्छ आहे. एकेक फ्रेम तपासली मी. आवाजही कुठं तुटलेला नाही. कॉम्प्युटरवर त्याची रेघ दिसते ना, ती सलग आहे."

"ते म्हणतात काय?"

"तपासताना मी आवाज बंद ठेवतो," प्रबोध म्हणाला.

भन्ते उठले, मधली डिस्क उचलली आणि कोपऱ्यातल्या टीव्हीकडं गेले. रविवारी मुलांना काही दाखवायला तिथं एक जुना प्लेअर होता.

"नको, भन्ते!"

प्रबोध उठून त्यांच्यामागं गेला.

"मला शिव्या दिल्या असतील तर?"

भन्तेंनी डिस्क आत सरकवली.

"आणि... नसतील दिल्या तर?" प्रबोधनं विचारलं.

पडद्यावर दवाखान्याची खाट आली. हिरवा पडदा. वरचं बटण तुटलेला सदरा. प्रबोधला त्या चेहऱ्याची सुरकुती न सुरकुती पाठ होती. शब्द एकही ठाऊक नव्हता. तो मटकन खाली बसला आणि त्यानं दोन्ही कानांवर हात घट्ट दाबले.

भन्ते त्याच्या शेजारी येऊन बसले. त्यांनी त्याचा एक हात कानावरून हळूच सोडवला.

"मला जरा कमी ऐकू येतं," ते म्हणाले. "ते काय म्हणतात, तू मला सांगत जा."

प्रबोधनं चमकून पाहिलं. एवढ्या बोलण्यात भन्तेंच्या कानातून एक शब्द निसटला नव्हता. पण ते कानामागं तळवा धरून पडद्याकडं बघत बसले होते, आणि त्यांना नाही म्हणणं त्याला जमेना.

त्यानं दुसराही हात खाली घेतला.

गुरुजी खाकरले. मग तो आवाज आला.

"सांग," भन्ते म्हणाले.

"म्हणतात... म्हणतात, प्रबोध, ऐकून राहिला ना रे?"

गुरुजी तेवढंच बोलून थांबले होते. वर्गात प्रश्न विचारून थांबत, तसे.

प्रबोध भन्तेंकडं बघत राहिला.

"माझ्याकडं काय बघतोस?" भन्ते म्हणाले. "मला नाही विचारलं त्यांनी."