दाजीशेटांची काळी कुळकुळीत चासी

दाजीशेट खवणेकरांची पिकअप खालून पार कुजली होती, आणि एक दाजीशेट सोडले तर हे वायंगडे बंदरावर सगळ्यांना मान्य होतं!

वर्षानुवर्षं तिच्यातून बर्फातली मासळी घाटावर जायची. बर्फ वितळला की खारं पाणी ठिबकत थेट चासीवर, म्हणजे गाडीच्या कण्यावर. लोखंड ते, किती सोसणार? पण शेटांची ही पहिली गाडी. तिला ते लक्ष्मी म्हणायचे. दरवर्षी दसऱ्याच्या आधी ते चासीच्या भोकांत लांबीचा लगदा भरून घ्यायचे, वरून काळा रंग मारायचे, आणि झाली चासी नवी!

गाडी चालवायचा अर्जुन. त्याची बायको शेवंती शेटांच्याच आवारात मासळीचे क्रेट धुवायची. दसरा झाला की सुरमईचा मोठा माल घाटावर जाणार, हे तिच्या कानावर आलं. ओले हात पदराला पुसत ती सरळ शेटांसमोर जाऊन उभी राहिली.

"शेटांनू, गाडयेची चासी कुसली."

"खय कुसली? दाखव माका! बघ, कशी आरशासारखी चमकता!"

"तो रंग चमकता. खाली लोखंड उरूक नाय. घाटात मोडली तर?"

"अर्जुनाक भ्या वाटता? मग चावी ठेव म्हणान सांग. दुसरो डायवर गावतलो."

"आणि त्येच्या बायलेचां कुंकू काय फुकटचां?"

 शेट म्हणजे हट्टी माणूस, गप्प बसला तर घरच्यांनाही चुकल्यासारखं वाटायचं. त्यांनी मांडीवर थाप मारली.

"बरां! मग चासी कुसली म्हणान माझ्याच तोंडान वदव! पण हातोडो नाय, छिनी नाय, पानो नाय. माझ्या लक्ष्मीक हत्यार लावूचां नाय! वेल्डराक बोलवूचां नाय! दसऱ्याच्या पूजेपर्यंत वदवलंस, तर नवी गाडी घेतंय. नाय वदवलंस, तर दुसऱ्या दिवशी अर्जुन गपचूप माल भरून घाट चढतलो!"

"ठरलां!" शेवंती म्हणाली.

म्हणाली खरी, पण घरी परतताना ती विचारात पडली. आजवर या माणसाने स्वतःची चूक म्हणून एकदा तरी कबूल केली होती का? बायकोने खारट केलेली आमटीसुद्धा हा माणूस "मीच सांगितलं होतं मीठ घालायला" म्हणून ओरपायचा!

अर्जुनने तर कपाळाला हातच लावला. "तुका कोणी सांगलां होतां शेपटार पाय देऊक?"

"तुमी गप ऱ्हवा. दसऱ्याक गाडी धुवलात काय तिची पाठ शेटांकडे करून लावा. येवढांच करा."

"पाठ? पूजा तर फुडून करतत!"

"मी सांगतंय ना!"

दसरा उजाडला. आवारात ही गर्दी! झेंडूच्या माळांत पिकअप नटून उभी होती आणि तिची पाठ शेटांकडे होती. मागच्या चाकापलीकडे चासीचं टोक काळं कुळकुळीत चमकत होतं. शेटांनी हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती ओवाळली आणि नारळ वाढवायला दगड मागितला.

शेवंती पुढे झाली.

"शेटांनू, दगडार कित्याक? दगडार तर सगळेच वाढयतत. तुमची चासी दगडापेक्षा घट्ट! होऊंदे, तिच्यारच वाढवा! सगळ्या बंदराक कळांदे!"

लोकांनी माना डोलावल्या. शेटांची छाती फुगली.

"ह्यां बरां सुचलां तुका!"

त्यांनी बाह्या सरसावल्या, देवाचं नाव घेतलं आणि दिला दणका!

नारळ काही फुटला नाही. भस्सकन आवाज झाला, लांबीचा टवका उडाला आणि नारळासकट शेटांचा हात मनगटापर्यंत चासीत गेला! आतून गंजाचे पोपडे भराभरा त्यांच्या पांढऱ्या धोतरावर पडले.

"अरे देवा!" शेट ओरडले. "ही तर साफ कुसली!"

"बोललात!" शेवंती टाळी वाजवून म्हणाली. "सगळ्यांनी आयकलां!"

शेटांनी हात ओढून बाहेर काढला. नारळ आतच राहिला. मग त्यांना एकदम आठवलं.

"थांब! हत्यार लावूचां नाय, असां ठरलेलां!"

"नारळ हत्यार? म्हणजे इतकी वर्सां तुमी देवाक हत्यार वाढयत होतात? आणि मारलो कोणी, मी?"

लोक हसू दाबत होते. शेटांनी शेवटचा प्रयत्न केला.

"पण नारळ फुटूक नाय! अपशकुन झालो!"

"अपशकुन कसलो, शेटांनू? नारळाक साधो तडो नाय! उद्या घाट चढताना ही चासी काढा आणि तिच्या जागेर तो नारळच बसवा!"

आवारात हशा पिकला. शेटांनी आधी डोळे वटारले, मग धोतरावरचा गंज पाहिला, मग चासीतून डोकावणारी नारळाची शेंडी पाहिली. आणि स्वतःच असे हसत सुटले, की आधाराला गाडीवर टेकू लागले. तेवढ्यात लोक ओरडले, "शेटांनू, टेकू नकात!"

डोळे पुसत ते म्हणाले, "अर्जुना, ही आजच भंगारात! नवी गाडी येतली. तिचो पयलो फेरो कोल्हापुराक, आणि माझ्या जागेर फुडे बसतली शेवंती! अंबाबायचां दर्शन घेवा. शेवंतीक लुगडां माझ्याकडसून!"

अर्जुनच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवंतीच्याही आलं असतं, पण तिचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

"आणि शेटांनू, नवे गाडयेची चासी रोज गोड्या पाण्यान धुवूक व्हयी!"

"बरां बाय! कोण धुवतलो?"

"ज्येची लक्ष्मी, तो!"

दाजीशेट पुन्हा हसू लागले, आणि हसत हसतच त्यांनी नव्या गाडीसाठी पाण्याची नळी आणायला माणूस पिटाळला.